होडी दिली, माणूस नाही

जया आण्याची. आणे पठारावर जी मुलगी वाढते तिला पाण्याची किंमत कुणी शिकवावी लागत नाही. टँकरचा हॉर्न वाजला की हंडे, कळशा, टिपाडं, दुधाची किटलीसुद्धा रस्त्यावर यायची. खाली कालवे वाहायचे, ऊस हलायचा, पण पठारावर काही तो कालवा चढला नाही. जयाची आई लंकाबाई म्हणायची, "तू शिक. पान्याच्या मागं धावन्यात माजा जलम गेला, तुजा नगं जाया."

जया शिकली. पुण्याला जाऊन समाजकार्याची पदवी घेतली. त्या वर्गातली काही मुलं संस्थांमध्ये गेली, बाकीची कारखान्यांत. जयाला चाकणच्या एका कारखान्यात वेल्फेअर ऑफिसरची नोकरी लागली. गाड्यांच्या सीटचे सांगाडे बनवणारा कारखाना. कँटीनमधलं जेवण, कामगारांच्या बसेस, गणवेश, पाळणाघर, कुणाच्या घरी कुणी गेलं तर भेटून येणं, हे सगळं तिच्याकडे. पुढे त्या खात्याचं नाव एचआर झालं, तिचं टेबल वरच्या मजल्यावर गेलं. मंचरच्या सूरजशी लग्न झालं, त्याचं ठिबकच्या साहित्याचं दुकान होतं. रोज सकाळी मंचरहून कंपनीची बस, संध्याकाळी परत. डोळ्यांत भरावं असं त्यात काही नव्हतं. पण शॉपमधला, मशीनवरचा कोण रजेवर का गेला, कुणाच्या घरी काय बिनसलंय, हे विचारायचं झालं की सगळे तिच्याकडेच यायचे.

मग कंपनीला सीएसआर करावं लागायला लागलं. नफ्यातला काही वाटा समाजासाठी खर्चायचा. पहिल्या वर्षी झाडं लावली, दुसऱ्या वर्षी दप्तरं वाटली. प्लँटचे तेव्हाचे मोठे साहेब निवृत्तीला आलेले, जुन्या वळणाचे गृहस्थ. त्यांनी जयाला बोलावून सांगितलं, "माणसांचं खातं तुमचं, मग समाजही तुमच्याकडेच. काहीतरी नीट शोधा." त्या दिवशी बसमध्ये जया खिडकीशी बसून एकटीच हसत होती. एवढ्या वर्षांनी पदवीचा उपयोग होणार होता.

काम चालत तिच्यापर्यंत आलं ते कँटीनमधून. तिथे ताटं धुवायला जानकू नावाचा माणूस होता, ठेकेदाराच्या हजेरीवरचा. डिंभे धरणाच्या पाण्यापलीकडचा. शनिवारी घरी जायचा आणि सोमवारी वेळेवर हजर व्हायचा. एका सोमवारी आला नाही. मंगळवारी आला तेव्हा जयाने विचारलं.

"चुलत्याला पान लागलं, म्याडम," जानकू म्हणाला. साप चावला म्हणायचं नाही, पान लागलं म्हणायचं, ही डोंगरातली रीत. "झोळीत घालून डोंगरानं फिरून आनला. घोडेगावच्या दवाखान्यापत्तुर पोचलाच नाय."

"होडी नाही तिकडे?"

"मासेवाल्यांच्या हायेत की. पन ते त्यांच्या येळंला. समोर डिंभं दिसतं, म्याडम. दवाखान्याची गाडी उभी असली तर ती बी दिसती. मधी पानी आडवं."

पुढच्या आठवड्यात जया स्वतः गेली. डिंभ्याच्या काठावरून जानकूने तिला थर्माकोलच्या तराफ्यावर बसवलं. पाणी बघून तिने तराफ्याची कड दोन्ही हातांनी धरली. आयुष्यात तिने एवढं पाणी दुरूनच पाहिलेलं. त्यावर बसायची वेळ पहिलीच. पलीकडे जानकूची बायको साळुबाई गुडघाभर पाण्यात उभी होती. तिने हात धरून जयाला उतरवून घेतलं आणि तोंडाला पदर लावून हसली.

"पठारावरच्या ना तुमी? पान्याकडं अशा बघता जनू ते चावनार हाय."

वाडीचं कागदोपत्री नाव वेगळं आहे, पण डिंभ्याच्या स्टँडवर तिला पल्याडची वाडी म्हणतात. जुनं गाव धरणात गेलं, तेव्हा काही घरं वर डोंगराच्या अंगाला सरकली, ती ही. भाताची खाचरं, वर नाचणी आणि वरई, रानातला हिरडा. साळुबाईने कोरा चहा दिला आणि हात लांब करून दाखवलं, "उन्हाळ्यात पानी उतारलं की त्या तिथं आमच्या सासूच्या घराचं जोतं उघडं पडतं. आमी जाऊन बघून येतो."

जयाने तिथेच ठरवलं, होडी द्यायची. पण परतताना तिच्या डोक्यात होडी नव्हती, माणूस होता. कारखान्यात तिने पाहिलेलं, परदेशातून मशीन येतं, हार घालून नारळ फुटतो आणि चालवणारा नेमला नाही म्हणून ते ताडपत्रीखाली पडून राहतं. तिने साहेबांना सरळ सांगितलं, "सर, होडी द्यायची तर चालवणाराही द्यायचा. रोजचा. नाहीतर देऊच नये." सीएसआरच्या पैशात असला पगार बसत नाही, असं अकाउंट्सवाल्यांचं म्हणणं पडलं. शेवटी साहेबांनीच मार्ग काढला. जानकूला ठेकेदाराच्या हजेरीवर कँटीनचा माणूस म्हणूनच ठेवायचं आणि काम मात्र होडीचं द्यायचं. त्याला प्रशिक्षणाला पाठवलं. इंजिन उघडायचं, लाइफ जॅकेट घालायची आणि घालायला लावायची, वारं कसं ओळखायचं, सगळं तो शिकून आला.

होडी पाण्यात उतरली तेव्हा शॉपमधले तीसेक कामगार सुटीच्या दिवशी आपणहून आले होते. त्यांनीच ती रंगवली, काठावर दगडी पायऱ्या बांधल्या. फोटो निघाले, कंपनीच्या अंकात छापून आले. त्यानंतरचा काळ चांगला गेला. मुली डिंभ्याच्या शाळेत जायला लागल्या. हिरड्याची पोती डोक्यावरून उतरून होडीत आली. वाडीतल्या बाळंतिणी दवाखान्यात बाळंत झाल्या. श्रावणात बाया रानभाज्या घेऊन भीमाशंकरच्या वाटेवर विकायला जायच्या, त्याही होडीनेच. जया महिन्या-दोन महिन्यांनी यायची. पुढे पुढे तिला पाण्याची भीती वाटेनाशी झाली होती.

जुने साहेब निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी नवे आले, वयाने जयाएवढेच. ते वाईट नव्हते, हे जया आजही म्हणते. त्यांना वरून सांगितलं होतं की माणसं कमी करा, आणि ते ती करत होते. एका दुपारी त्यांनी तिला बोलावलं.

"हा जानकू कोण? कँटीनच्या हजेरीवर आहे, पण गेटवर त्याचं एकही पंचिंग नाही."

"सर, तो डिंभ्याला होडी चालवतो. सीएसआरची."

"होडी सीएसआरची. मग माणूस आपल्या हेडकाउंटमध्ये कसा?"

"माणसाशिवाय होडी चालत नाही, सर."

"होडी आपण ग्रामपंचायतीच्या ताब्यात दिली ना? मग माणूस त्यांनी ठेवावा. आपण वस्तू देतो, जया. माणसं देत नाही."

ती ग्रामपंचायतीत गेली. सरपंचांनी चहा पाजला आणि हात जोडले. तिने दुसऱ्या कंपन्यांमधल्या ओळखीच्यांना फोन केले. तिकडेही तेच, वस्तू सांगा, शाळेला संगणक सांगा, रोजचा माणूस नको. इकडे कमी करायच्या माणसांची बोलणी चालूच होती. पाळणाघरातली विधवा बाई, स्टोअरमधला लंगडा पोऱ्या, साफसफाईवाल्या. जया प्रत्येकासाठी भांडत होती आणि भांडताना कुठेतरी सोडावंही लागत होतं. जानकूला घर आहे, भाताचं खाचर आहे, बाई कष्टाची आहे, असं तिने स्वतःला सांगितलं आणि त्याच्यासाठीचं भांडण सोडलं.

निरोप फोनवर द्यायचा नाही एवढं तिने पाळलं. ती वाडीवर गेली. जानकूने ऐकून घेतलं, "बरं," म्हणाला आणि इंजिनावरचं तेल पुसत राहिला. साळुबाई मात्र बोलली.

"म्हंजी होडी ऱ्हानार आन ह्ये जानार?"

"मी बघतेय, साळुबाई. काहीतरी होईल."

"तवर मी चालवीन की. ह्येंचं बघून बघून मला येती."

जानकूने काही दिवस तसंच, बिनपगारी, होडी चालवली. मग भात कापून झाला आणि तो नारायणगावला टोमॅटोच्या मार्केटमध्ये क्रेट उचलायला गेला. तिथेच चार माणसांबरोबर खोलीत राहायचा. होडी साळुबाईकडे आली. ती चांगली चालवायची, सगळ्यांनी पुढे तसंच सांगितलं. सकाळी मुली, मग दवाखान्याचे, दुपारी परतीचे. स्वयंपाक, खाचर, शेळ्या सांभाळून.

उन्हाळ्यात तिचा जयाला फोन आला. इंजिन मधेच धापा टाकतंय, एखादा मिस्त्री धाडा. जयाने साहेबांना मेल टाकला. उत्तर आलं, देखभाल ताबा घेणाऱ्याची. मग तिने सूरजच्या ओळखीचा पंप दुरुस्त करणारा पाठवला. त्याने काहीतरी खटपट करून इंजिन चालू करून दिलं आणि म्हणाला, हे माझं काम नव्हे, ह्या इंजिनाचा माणूस आणा. जुलैत कारखान्यात पगारवाढीच्या कराराची बोलणी सुरू झाली. युनियन एका बाजूला, साहेब दुसऱ्या बाजूला आणि मध्ये जया. साळुबाईचा पुन्हा फोन आला तेव्हा ती मीटिंगमध्ये होती. नंतर करू म्हणून तिने तो कट केला, आणि नंतर राहून गेलं.

ऑगस्टमध्ये धरण काठोकाठ भरलं होतं. त्या सकाळी वारं होतं, पण नेहमीचं, पावसाळ्यातलं. वाडीतल्या हौशीराम म्हाताऱ्याला तीन दिवस ताप होता. त्याची सून, शाळेच्या दोन मुली आणि म्हातारा, एवढ्यांना घेऊन साळुबाईने होडी काढली. जॅकेटं मुलींच्या अंगात होती. म्हाताऱ्याचा श्वास कोंडत होता, त्याने अंगात घालू दिलं नाही. साळुबाईने आपलं जॅकेट त्याच्या पाठीला टेकू म्हणून दिलं. निम्म्या पाण्यात इंजिन बंद पडलं. वाऱ्याने होडी कडेला ढकलत नेली ती पाण्यात बुडालेल्या जुन्या झाडांवर. साळुबाई बांबू घेऊन उभी राहिली आणि झाडांपासून होडी लांब ढकलू लागली. एका खोडाला होडीचा काठ अडकला, पाणी आत आलं आणि होडी पालथी झाली.

हे सगळं हौशीरामच्या सुनेने सांगितलं. साळुबाईने आधी दोन्ही मुलींना पालथ्या होडीवर चढवलं. मग तिला, सुनेला, केसांना धरून ओढलं आणि हात काठावर ठेवून दिले. "हितं धर, सोडू नगं," एवढंच म्हणाली. मग म्हाताऱ्यासाठी मागे वळली. ती आणि म्हातारा दोघंही वर आले नाहीत. मासेवाले पोचेपर्यंत पाण्यावर नुसतं एक जॅकेट होतं.

जया कंपनीच्या बसमध्ये होती. बस राजगुरुनगरच्या अलीकडे अडकलेली. फोनवर जानकू होता.

"म्याडम, साळू गेली."

मागे मार्केटचा गलबला ऐकू येत होता. तो अजून नारायणगावलाच होता, निघायच्या गाडीची वाट बघत. जयाला पटकन काही कळलं नाही. तिने विचारलं, "कुठे गेली?" ह्या प्रश्नाची आठवण झाली की ती आजही डोळे मिटते.

ती दहाव्याला गेली. होडी पोलिसांनी पंचनाम्यासाठी धरणाच्या वसाहतीत नेऊन ठेवली होती, आणि मासेवालेही त्या दिवसांत कुणाला बसवत नव्हते, त्यामुळे पाण्यावरून वाट नव्हती. डोंगराने फिरून, चिखलातून, दोनदा पडून ती पोचली. जानकूने मुंडण केलं होतं. त्याने तिला बसायला पोतं दिलं. 

"जानकू, माझं चुकलं," असं काहीतरी ती म्हणायला लागली तेव्हा त्याने हात वर करून तिला थांबवलं.

"आता नगा. मानसं ऐकत्यात. त्यांना वाटंल कंपनीकडनं काय तरी आलं."

आलं काहीच नव्हतं. कंपनीत मात्र मीटिंगवर मीटिंग सुरू होत्या. वकील आला होता. नवे साहेब तिच्यासमोर हात चोळत बसले होते. त्यांचा चेहरा झोप नसल्यासारखा ओढलेला होता.

"जया, चौकशीत तुलाच बोलावतील. सूर एकच ठेवायचा. होडी ग्रामपंचायतीची. चालवणारा गावाने ठेवलेला. जानकू आपल्या कँटीनमध्ये होता, त्याने स्वतःहून काम सोडलं. होडी तो हौसेने चालवत होता."

"हौसेने?"

"स्वयंसेवक म्हण. त्यात खोटं काय? आपले तीस जण नव्हते का आले रंगवायला?"

"ते एका दिवसासाठी आले होते, सर. सकाळी पोचले, संध्याकाळी बसने परत."

साहेबांनी समोरची फाइल मिटली. मग हळू आवाजात म्हणाले, "आपलं नाव आत आलं तर मुख्यालय सगळं सीएसआरच बंद करेल. तुझी नोकरी, माझी नोकरी. त्या वाडीलाही काही मिळणार नाही. विचार कर."

तिने विचार केला. सूरजने फक्त एवढं म्हटलं, "तुला झोप येईल असं कर." घोडेगावला चौकशी अधिकाऱ्याच्या खोलीत पंखा करकरत होता. अधिकाऱ्याने विचारलं, होडी चालवणारा माणूस कोणाचा. जया म्हणाली, "आमचा. आम्ही नेमला, आम्ही शिकवला, आमच्या ठेकेदाराच्या हजेरीवर होता. आम्ही कमी केला. मी स्वतः जाऊन त्याला सांगितलं. त्यानंतर होडी चालवायला नेमलेलं कुणी नव्हतं, हे आम्हाला माहीत होतं."

अधिकाऱ्याने लिहिणं थांबवून तिच्याकडे पाहिलं. "म्याडम, हे असंच लिहू?"

"असंच लिहा."

साहेब म्हणाले होते त्यातलं बरंच झालं. मुख्यालयाने डिंभ्याचं काम धोक्याचं ठरवून बंद केलं. पुढच्या वर्षीचा पैसा कारखान्याशेजारच्या शाळेला गेला. तिच्या धडधाकट भिंतींना नवा रंग लागला. जयाला नोकरीवरून काढलं नाही, एका कोपऱ्यातल्या गोदामावर बदली केली, जिथे मोजायला माणसंच नव्हती. दोन-तीन महिन्यांत तिने राजीनामा दिला. चौकशीचा निष्कर्ष निघाला तो असा, की साळुबाई कुणाच्याच हजेरीवर नव्हती. जानकू होता, पण तो मेला नव्हता. त्यामुळे भरपाई देण्याजोगं कुणी उरलंच नाही. जयाच्या खरं बोलण्याने एक मात्र झालं. होडी पुन्हा वाडीला द्यायची तर चालवायची जबाबदारी कोण घेणार, हे लिहून द्या, असं ग्रामपंचायतीला विचारलं गेलं. कुणी लिहून दिलं नाही. होडी वसाहतीच्या कुंपणाआत पालथी पडून राहिली. मुलींची शाळा सुटली. एकीला आश्रमशाळेत घातलं, दुसरी मामाकडे गेली.

आता जया नारायणगावजवळच्या एका द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये आहे. हंगामात बाया आणायच्या, त्यांच्या कामाच्या पाळ्या लावायच्या, त्यांना नेणारी-आणणारी गाडी वेळेवर लावायची. छोटी जागा, सीएसआर वगैरे काही नाही. लंकाबाई म्हणते, "एवढं शिकून बायांची राखन करती." जया उलट बोलत नाही.

गेल्या हिवाळ्यात ती टोमॅटो मार्केटच्या बाहेर गाडीची वाट बघत होती. जानकू क्रेटच्या थप्पीआडून आला. खांद्यावर फडकं, पाठीत वाकलेला. त्यानेच हाक मारली. दोघांनी टपरीवर चहा घेतला.

"वाडीवर जातोस?" तिने विचारलं.

"जातो की. शनवारी डोंगरानं. चढायला लई टाईम लागतो आता." त्याने ग्लासात पाहिलं. "तुमी तिथं खरं बोलला म्हनं. हौशीरामाच्या सुनेनं सांगितलं, ती साक्षीला व्हती."

"त्याने काय झालं, जानकू. होडीही गेली."

"व्हय. होडी बी गेली." तो हे रागाने म्हणाला नाही. हवामान सांगावं तसं म्हणाला. "वाडीत लोक म्हनत्यात, म्याडमनी गप ऱ्हायला पायजे व्हतं. निदान होडी तरी ऱ्हायली असती. मी काय म्हनत नाय."

"तुला काय वाटतं?"

त्याने चहाचा ग्लास खाली ठेवला. मार्केटमधून कुणीतरी त्याच्या नावाने ओरडत होतं, गाडी भरायची होती.

"मला वाटतं, ती गेली तवा कुनाची तरी व्हती, कुनाचं तरी काम करत व्हती, ह्ये कुनी तरी बोललं," तो म्हणाला. "पन रातीच्याला कुनाला पान लागलं तर मी काय करू, ह्ये मला अजून कळत नाय. तुमच्या हितल्या मालकाला होडीचं एकदा इचारून बघाल का? जुनी, बारकी असली तरी चालंल."

"विचारते," जया म्हणाली. मालक काय म्हणणार हे तिला ठाऊक होतं. होडीबद्दल तो कदाचित हो म्हणेलही. पण चालवणारा माणूस देणार का, ह्या दुसऱ्या प्रश्नाला तो काय म्हणेल तेही तिला माहीत होतं. जानकू फडकं झटकून गाडीकडे गेला. तिची बायांची गाडी आली, मागचं दार उघडलं, आणि आत कोण कोण आलंय ते बघायला ती वाकली.